हिरव्यातला काटा

१

कचऱ्याची ती गाडी यार्डाच्या टोकाला उभी होती. जळून आठवडा होत आला, तरी तिच्या पोटातला कचरा कोणी उपसला नव्हता. मागच्या दारातून काळपट पाणी ठिबकत होतं. खाली त्याचं थारोळं झालं होतं आणि त्यावर माशांचा असा थर बसला होता की जमीनच हलतेय असं वाटावं. वर जळक्या तेलाचा वास. कडू, करपट, घशाला चिकटून बसणारा.

याच गाडीपाशी, कचरा डेपोच्या चढावर, एक माणूस होरपळला होता.

सगळे त्याला मेहुणा म्हणत. गाडीचा ड्रायव्हर पैलवान, त्याच्या बायकोचा तो धाकटा भाऊ. पण बोलता बोलता अख्ख्या यार्डाचाच मेहुणा होऊन बसला होता. गाडीच्या मागच्या फळीवर उभं राहायचं आणि घराघरांपुढचे डबे उपसायचे, हे त्याचं काम. त्या दुपारी चढावर गाडीखालून धूर आला. गिअरबॉक्समधलं तेल उकळून बाहेर उसळलं, तापलेल्या सायलेन्सरवर पडलं आणि पेटलं. मेहुणा पाण्याचा कॅन घेऊन खाली वाकला. पेटतं तेल त्याच्या अंगावर आलं. पैलवानानं नुसत्या हातांनी त्याला ओढून काढलं. पैलवानाचे हात भाजले. मेहुणा दवाखान्यात गेला आणि परत आला नाही.

यार्डाच्या साहेबांनी दोष ठरवूनही टाकला होता. डेपोच्या वजनकाट्यासाठी चढावरच रांग लागते. तिथं ऑटोमॅटिक गाडी ब्रेकवर धरायची असते. आळशी ड्रायव्हर ती ॲक्सिलरेटरवरच तोलून धरतो; गाडी जागची हलत नाही आणि आतलं तेल नुसतं घुसळून तापत राहतं. पैलवानानं तेच केलं, असं साहेबांचं म्हणणं.

विमा कंपनीनं बाईंना पाठवलं होतं. पिकल्या केसांच्या, हळू बोलणाऱ्या बाई. त्यांचा अहवाल आला की पोलीस पैलवानावर माणूस मारल्याचा गुन्हा लावणार होते.

साहेब नाकाला रुमाल लावून लांब उभे होते. "बाई, सही करा आणि मोकळ्या व्हा. आम्हालाही ही घाण इथून हलवायचीय."

"कोणती?" बाईंनी विचारलं.

साहेबांना काही कळलं नाही. बाई मागच्या चाकाशी खाली बसल्या. चाकावरच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला चिखलाचा जाड पोपडा होता. त्यांनी तो नखानं उकरला. वर काळा थर, खाली पांढरा, पुन्हा काळा, पुन्हा पांढरा.

"डेपोचा रस्ता काळा आहे ना, साहेब? राखेचा?"

"काळाकुट्ट."

"मग हे पांढरं कुठून आलं?"

२

पैलवानाच्या घरी दार उघडंच होतं. एकच खोली, बाहेर पत्र्याची पडवी. पडवीत एक हडकुळा माणूस भिंतीला टेकून बसला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत. यालाच सगळे पैलवान का म्हणत, ते त्याच्याकडे पाहूनच कळत होतं.

आत त्याची बायको जमिनीवर बसली होती. तिच्याशेजारी पाण्याचा भरलेला पेला. समोर खुर्चीवर, कंबरेला पट्टा बांधून ताठ बसलेले एक वयस्क गृहस्थ. त्यांना सगळे काका म्हणत. त्याच गाडीवर दुसऱ्या पाळीला तेच असत. यार्डातले सगळ्यांत जुने ड्रायव्हर. मेहुण्याच्या तिरडीला त्यांनी खांदा दिला होता आणि तेव्हापासून रोज डबा घेऊन येत होते.

"दोन घास खा, पोरी," काका म्हणत होते. "गेलेला येत नाही. आणि ज्यानं घालवला त्याचं तोंडसुद्धा बघू नकोस म्हणतो मी."

पडवीत पैलवानानं मान खाली घातली.

बाई आपली ओळख सांगून तिच्याजवळ बसल्या.  ती पेल्याकडे बोट करून म्हणाली, "हे रोज सकाळी भरून ठेवतात. ते असले हात घेऊन. मी रोज मोरीत ओतते."

"बरं."

"तुम्ही सगळं शोधून काढता म्हणे. मला जास्त काही नको. भाऊ माझ्या मांडीवर वाढला. आता ह्यांच्या हातचं पाणी प्यायचं की नाही, एवढंच सांगा."

"सांगते," बाई म्हणाल्या. "पण खरं कळल्यावरच."

"खरं काय कळायचं राहिलंय?" काकांनी हलकेच सुस्कारा सोडला. "गाडी सोन्यासारखी होती, बाई. मी आधी गॅरेजात होतो, मग स्टिअरिंगवर आलो. मला यंत्र कळतं. मी रोज त्याच चढानं जात होतो. चढाला लागलं की तेलाच्या तापाचा काटा वर जायचा, मग वेग आला, गिअरबॉक्सचं लॉक बसलं, की पुन्हा खाली यायचा. अगदी घड्याळासारखं. बिघडला तो चालवणारा."

"लॉक बसल्यावर काटा खाली यायचा?"

"रोज. या डोळ्यांनी पाहिलंय."

बाईंनी मान डोलावली आणि पडवीत आल्या.

"तुम्ही सांगा. काटा कुठे होता?"

पैलवान कुजबुजला, "हिरव्यात."

"कधी हिरव्यात? चढायच्या आधी?"

"आधी हिरव्यात, चढावर हिरव्यात, पेटली तेव्हाही हिरव्यात. महिनाभर चालवतोय मी ही गाडी. काटा कधी हललाच नाही, बाई."

३

यार्डाचा मिस्त्री गाडीखाली जायला तयार नव्हता. त्याच्या मनगटाला पट्टी होती. ती दाखवून तो म्हणाला, "हात मुरगळलाय. शिवाय वरून हे ठिबकतंय बघा. एकदा कॉलरमधून आत गेलं की चार दिवस बायको जवळ बसत नाही."

"एरवी बसते?" साहेबांनी विचारलं.

"एरवी तीही नाक दाबूनच," मिस्त्री म्हणाला, पण हसलं कोणीच नाही.

"गाडी धूत नाही का तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"धुवायचा पंप बंद आहे. साहेबांना विचारा कधीपासून."

साहेब दुसरीकडे बघायला लागले. बाईंनी पदर खोचला आणि यार्डातल्या खड्ड्यात उतरल्या. मिस्त्रीनं दुसऱ्या गाडीनं ओढून जळकी गाडी खड्ड्यावर आणून उभी केली. बाईंच्या खांद्यावर गार, चिकट थेंब पडला. मग आणखी एक.  त्यांनी डोळे मिटले, मनातल्या मनात काहीतरी पुटपुटल्या आणि टॉर्च वर धरला.

गाडीच्या पोटाची उजवी बाजू जळाली होती, पण गिअरबॉक्सची डावी बाजू बरीच शाबूत होती. तिथून तेलाच्या दोन नळ्या निघत होत्या. एक तापलेलं तेल थंड करायला नेणारी, दुसरी थंड झालेलं परत आणणारी.

"मिस्त्री, तेलाच्या काट्याचा सेन्सर कुठल्या नळीवर असतो?"

"जाणाऱ्या. तापलेलं तेल तिथूनच येतं ना."

"इथं तो परत येणाऱ्या नळीवर आहे."

 मिस्त्री धप्पकन गुडघ्यांवर बसला आणि त्यानं खड्ड्यात डोकं घातलं. कॉलर, बायको, सगळं विसरला.

जाणाऱ्या नळीवर सेन्सरच्या जागी पितळी बूच बसवलेलं होतं. बुचावर कचऱ्याच्या पाण्याचा काळा राप वाळून दगड झालेला होता. म्हणजे हे काम आगीनंतरचं नव्हतं, आदल्या दिवसाचंही नव्हतं.

"आधी थंड करायचं आणि मग ताप मोजायचा," बाई म्हणाल्या. "तापलेल्या पोराला बर्फात बसवून थर्मामीटर लावण्यातला प्रकार."

त्यांनी टॉर्च आणखी आत फिरवला. गिअरबॉक्सच्या कडेला एक वायर सॉकेटमधून उपटलेली होती. ती लोंबू नये म्हणून कोणीतरी पट्टीनं बांधून ठेवली होती. पट्टी अर्धी करपली होती, पण उरलेला तुकडा ओळखू येत होता. कातडीच्या रंगाची, ताणली की लांबणारी.

साहेबांची नजर मिस्त्रीच्या मनगटावर गेली. मिस्त्रीचीही.

"ही वायर लॉकची," मिस्त्री घोगऱ्या आवाजात म्हणाला. "देवाशपथ सांगतो बाई, मी नाही."

४

बाईंनी खड्ड्यातून वर येऊन हात धुतले, पुन्हा धुतले. मग त्यांनी मिस्त्रीच्या मनगटावरची पट्टी धरून ओढली. ती ताणली नाही. सुती होती, साधी.

"बसा," त्या म्हणाल्या. "साहेब, तुम्हीही. गिअरबॉक्स कळतो तुम्हाला?"

"मला कचऱ्याचं वजन कळतं," साहेब म्हणाले.

"मग ऐका. या गाडीला क्लच नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल आहे. इंजिन तेल घुसळतं, ते तेल गिअरबॉक्सकडचं चाक फिरवतं. गाडी हळू असली की इंजिन पुढे पळतं, चाक मागे राहतं, आणि मधलं तेल तापतं. हात हातावर घासल्यासारखं. वेग आला की आत एक लॉक बसतं. मग इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना घट्ट धरतात, घासणं थांबतं, तेल थंड व्हायला लागतं. आता लॉकची वायर उपटली तर?"

"तेल तापतच राहणार," मिस्त्री म्हणाला. "मोठ्या चढावर तर उकळणार."

"आणि काटा लालात जाणार, बझर वाजणार. नियम काय?"

"थांबायचं. न्यूट्रलला टाकून इंजिन चालू ठेवायचं, तेल थंड होऊ द्यायचं, मग निघायचं."

"कुठे थांबायचं? त्या चढावर. एका बाजूला कचऱ्याचा डोंगर, दुसऱ्या बाजूला त्याचं पाणी साचलेला नाला. हे ज्याला नको होतं त्यानं सेन्सर हलवला. आग लागण्याच्या बरंच आधी. मिस्त्री, वायर उपटली की डॅशबोर्डवर दिवाही लागत असेल ना?"

मिस्त्री उठून केबिनमध्ये चढला. बॅटरी जोडून किल्ली फिरवली. धुरानं काळवंडलेल्या काचेमागे एकेक दिवा लागला. एक सोडून. त्यानं नखानं काच खरवडली. मागच्या बाजूनं काळी टेप चिकटवलेली होती.

"तुम्ही गाडीखाली शेवटचं कधी गेला होतात?" बाईंनी विचारलं.

मिस्त्रीनं किल्ली फिरवून दिवे बंद केले. "पाहिलं म्हणून सांगायचो," तो म्हणाला. "पाहत नव्हतो. किळस यायची."

"मग हे पैलवानानंच केलं असेल!" साहेब एकदम म्हणाले. "त्यालाच थांबायचा कंटाळा!"

"पैलवान आधी कुठल्या गाडीवर होता?"

"जुन्या. गिअरवाल्या."

"महिन्यापूर्वीपर्यंत त्याला लॉक म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. त्याला ही गाडी शिकवली कोणी?"

"काकांनी," साहेब म्हणाले.

५

दुसऱ्या सकाळी बाई तसल्याच एका धडधाकट गाडीत काकांसोबत खिडकीशी बसल्या. मागे कचरा भरलेला होता. मधल्या सीटवर मिस्त्री.

"मला फक्त बघायचंय, काका. तुम्ही रोज जाता तशी घ्या. नेहमीच्या रस्त्यानं."

"हो, हो. बघा ना." काका खुशीत होते. त्यांना शिकवायला आवडायचं.

यार्डाबाहेर पडल्यावर गाडीनं वेग घेतला. काकांचा डावा हात स्टिअरिंग सोडून हळूच कंबरेवर गेला. लगेच गाडीला खालून हलकासा झटका बसला आणि इंजिनचा आवाज उतरला. लॉक बसलं होतं.

झटक्याआधीच हात कंबरेवर गेला होता.

"कंबर फार दुखते?" बाईंनी विचारलं.

"मणका सरकलाय. प्रत्येक झटका इथं लागतो बघा, सुरी फिरवल्यासारखा."

"घरी कोण करतं?"

"सून. नुसतं बाम चोळून देते. नातू तर माझ्या पाठीवर घोडा घोडा करायला बघतो." काका हसले. नातवाचं सांगता सांगता रंगात आले. नातू काय बोलतो, कसा पळतो, कसा रुसतो. पुढे रस्ता फुटत होता. उजवीकडे डेपोचा चढ, काळा, वर घिरट्या घालणाऱ्या घारी. डावीकडे लांबून वळसा घालून डेपोच्या मागच्या बाजूला जाणारा सपाट रस्ता. चुन्याच्या कारखान्याशेजारून जाणारा, दोन्ही कडा पांढऱ्याफटक.

नातवाची गोष्ट संपायच्या आत काकांच्या हातांनी गाडी डावीकडे वळवली.

चाकांखालून पांढरा धुरळा उठला. मिस्त्रीनं बाईंकडे पाहिलं.

"काका," बाई अगदी हळू म्हणाल्या. "चढ तर तिकडे राहिला ना?"

६

गाडी थांबली. काकांनी हात स्टिअरिंगवरून काढले नाहीत.

"तिकडे... तिकडे काम चालू होतं मध्यंतरी."

"नव्हतं," मिस्त्री म्हणाला.

"एका गाडीला तेलाचा काटा एकच असतो, काका," बाई म्हणाल्या. "पैलवानाला तो कधी हललेला दिसला नाही. तुम्हाला रोज वर जाऊन खाली येताना दिसत होता. मी गाडीखाली जाऊन आले. त्या जागी बसवलेला सेन्सर चढावर वर जाऊच शकत नव्हता, आणि लॉक तर बसतच नव्हतं. धडधाकट गाडीत जे दिसायला हवं ते तुम्ही मला सांगितलंत. डोळ्यांनी पाहिलेलं नव्हे, ठाऊक असलेलं."

बाई पुढे म्हणाल्या,

"झटका सहन होईना म्हणून लॉकची वायर उपटलीत आणि दिव्यावर टेप लावलीत. मिस्त्री यायच्या आधी खड्डा रिकामाच असतो, आणि गॅरेजचा हात तुमचा. मग काटा लालात जायला लागला, त्या घाणीत थांबावं लागलं. तेही नको म्हणून सेन्सर हलवलात. तरी तेलाचा करपट वास तुम्हाला आला असेलच. तेव्हा तुम्ही चढ सोडलात. मडगार्डमध्ये चुन्याचे थर आहेत, तुमच्या पाळीचे. आणि मधेमधे राखेचे. ते पैलवानाचे."

त्यांनी काकांच्या कंबरेकडे पाहिलं. पट्ट्याखाली कातडीच्या रंगाची ताणपट्टी गुंडाळलेली होती. तिचं एक टोक वेडंवाकडं कापलेलं.

"बाई, मी कुठे मारलं हो त्याला?" काकांचा आवाज चिरकला. "कंबर दुखायची माझी! तुम्हाला नाही कळणार. एवढंसं केलं मी. एक वायर. परत जोडायची होती, पण मिस्त्री विचारेल, सगळे हसतील, म्हणतील म्हातारा गाडीत ढवळाढवळ करतो..."

"पैलवानानं तुम्हाला विचारलं होतं ना? चढावर वास येतो म्हणून?"

काकांनी मान वळवली.

"काय सांगितलंत त्याला?"

उत्तर मिस्त्रीनं दिलं. तो रडवेला झाला होता. "मी तिथंच होतो, बाई. काका म्हणाले, काटा हिरव्यात आहे ना? मग दाबत राहा, घाबरतोस काय बायकांसारखा. मीसुद्धा हसलो होतो."

बाईंनी दार उघडलं आणि खाली उतरल्या. खड्ड्यात खांद्यावर घाण ठिबकली तेव्हा त्यांनी स्वतःला सावरलं होतं. आता रस्त्याच्या कडेला, स्वच्छ पांढऱ्या चुन्यावर, त्यांना खरोखर ओकारी आली. पदरानं तोंड पुसून त्या परतल्या तेव्हा काका खिडकीतून म्हणत होते, "डबा नेत होतो मी रोज. विचारा त्या पोरीला. रोज नेत होतो."

"तेच," बाई म्हणाल्या. "तेच मला गिळवत नाहीये."

७

अहवालात बाईंनी काही सोडलं नाही. काकांची वायर आणि सेन्सर, मिस्त्रीचं न पाहताच 'पाहिलं' म्हणणं, साहेबांचा बंद पंप. साहेबांनी फोन करून विचारलं, पंपाचा आणि आगीचा काय संबंध? बाई म्हणाल्या, गाडी स्वच्छ असती तर कोणीतरी खाली वाकून पाहिलं असतं. साहेबांनी फोन ठेवला. त्या दिवशी जळक्या गाडीतला कचरा एकदाचा उपसला गेला. पोलीस पैलवानाच्या दारावरून पुढे गेले आणि काकांच्या घराची कडी वाजली. आतून नातवानं दार उघडलं.

बाई पैलवानाच्या घरी गेल्या. पडवीत तो तसाच बसला होता. आत ती, आणि तिच्याशेजारी सकाळचा पेला, अजून ओतायचा राहिलेला. काकांचा डबा दाराबाहेर पालथा पडला होता. कोणीतरी आधीच येऊन सांगून गेलं असावं.

तरी बाईंनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. तेलाचं, लॉकचं, चुन्याचं. तिनं मध्येच विचारलं, "मग ह्यांनी चढावर थांबवली का नाही? वास तर येत होता."

"विचारलं त्यांनी. ज्याला कळतं त्याला विचारलं. त्यानं चालव म्हणून सांगितलं."

"आणि भाऊ?"

"पेट घेतल्यावर सगळे लांब पळाले, ताई. जवळ गेले दोघंच. एक तुमचा भाऊ. दुसऱ्याचे हात बघा."

तिनं पाहिलं नाही.  

मग तिनं पेला उचलला. मोरीकडे वळली. बाईंनी नजर खाली केली. पण मोरीत पाणी पडल्याचा आवाज आला नाही. ती उंबऱ्यापाशी येऊन उभी होती आणि पेला तिच्या तोंडाला होता. एक घोट घेऊन तिनं तो पट्ट्या बांधलेल्या हातांपुढे धरला.

"कोमट झालंय," ती म्हणाली. "दुसरं आणा."